हातांची उजळणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी किरकोळ फेरफार केले आहेत.)



भाषणासाठी विषय कोणता घेणार, असे संस्थेच्या चिटणीसांनी मला विचारले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की मी 'मुलींचे शिक्षण' किंवा 'पालकांची जबाबदारी' असा एखादा नेहमीचा विषय सांगेन. मी सांगितले, "रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना जीव वाचविण्याचे शिक्षण." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, हा तर डॉक्टरांचा विषय झाला." मी म्हणालो, "साहेब, यातले औषधपाणी डॉक्टरांचे. पण शिकणे, विसरणे आणि पुन्हा शिकणे हा आमचा धंदा आहे." त्यांनी परवानगी दिली, याबद्दल त्यांचे आभार. ज्यांनी हे भाषण ऐकले नाही आणि जे ते आता वाचत आहेत, त्यांनाही मी श्रोतेच समजतो.

या विषयाशी माझा संबंध कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे.

डिसेंबर २०१६ मधली गोष्ट. माझे वडील शिवणकाम करीत. छातीत दुखू लागले म्हणून आम्ही त्यांना एका रुग्णालयात दाखल केले. त्या रुग्णालयाचे नाव मी घेणार नाही. त्याचे कारण पुढे कळेल. तिसऱ्या रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगत होतो. आईने हाक मारली, "बघ रे, अब्बांना घरघर लागलीय." मी आत धावलो. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. अब्बा मध्येच एखादा मोठा आचका घेत, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा आचका. आम्हाला वाटले, श्वास चालू आहे.

रात्रपाळीची सिस्टर धावत आली. तिने मनगटाची नाडी पाहिली, मग रक्तदाबाचा पट्टा बांधला, तो सोडला, पुन्हा बांधला. वॉर्डातले मामा डॉक्टरांना बोलावायला खालच्या मजल्यावर पळाले. मावशींनी ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणला, पण त्याची चावी जागेवर नव्हती. शेजारच्या रुग्णाचा भाऊ उठून उभा राहिला. मी अब्बांचे तळवे चोळत होतो. डॉक्टर आले तेव्हा घड्याळात दोन एक्कावन्न झाले होते. त्यांनी आल्याबरोबर छाती दाबायला सुरुवात केली, बराच वेळ प्रयत्न केले, आणि मग थांबले.

मी शिक्षक आहे. तास संपायला किती मिनिटे उरली, हे घड्याळाकडे बघून मोजण्याची मला सवय. अकरा मिनिटे. त्या अकरा मिनिटांत त्या पलंगाभोवती आई, मी, सिस्टर, मावशी आणि शेजारचे गृहस्थ अशी पाच माणसे होती. दहा हात होते. त्यातला एकही हात अब्बांच्या छातीवर पडला नाही.

चौथ्या दिवशी कागदपत्रे आणायला गेलो, तेव्हा तीच सिस्टर भेटली. वयाने माझ्याहून लहान. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "सर, आम्हाला शिकवलं होतं. नर्सिंगला असताना, एकदा. त्याला नऊ वर्षं झाली. त्या रात्री काही आठवलंच नाही."

मी रागावून बोलायच्या तयारीने गेलो होतो. तिचे ते 'एकदा' ऐकले आणि गप्प परत आलो. आपण एखाद्या मुलाला सतराचा पाढा एकदा शिकवला, नऊ वर्षे कधी विचारला नाही, आणि मग रात्री अडीच वाजता झोपेतून उठवून 'सतरा नव्वे किती' असे विचारले, तर चूक कोणाची? मुलाची?

अब्बा वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. ज्यांचे हृदय रुग्णालयातच बंद पडते, त्यांपैकी अमेरिकेसारख्या संपन्न देशातही सुमारे चौथा हिस्साच रुग्ण पुढे घरी परत जातात. हृदय किती खराब झाले आहे, आजार कोणता, यावर बरेच अवलंबून असते. पण ती पहिली काही मिनिटे मात्र माणसाच्या हातात असतात, आणि ती वाया गेली, एवढे मी निश्चित म्हणू शकतो.

आता थोडे शास्त्र पाहू.

हृदय थांबले की रक्ताभिसरण थांबते. मेंदूला प्राणवायूचा साठा करून ठेवता येत नाही. चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. हृदय अचानक थरथरू लागून बंद पडले आणि कोणी काहीच केले नाही, तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. यावरून अकरा मिनिटांचा हिशेब आपणच करावा.

आणि ते आचके? त्याला आपल्याकडे घरघर लागली असे म्हणतात. तो खरा श्वास नसतो. हृदय बंद पडल्यावरही काही काळ मेंदूचा खालचा भाग असे आचके देववितो. माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, एवढे दिसले की तिथेच काम सुरू करावयाचे असते. प्रशिक्षित माणसानेही नाडी शोधण्यात दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नये, असा नियम आहे.

हे काम म्हणजे उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबणे. कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. खोली निदान पाच सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन बोटे. सहापेक्षा जास्त नको. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावयाची, कारण तेव्हाच हृदय पुन्हा भरते. तीस दाब, मग दोन श्वास, मग पुन्हा तीस. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण हात थकतात आणि थकलेल्या हाताला आपण उथळ दाबतो आहोत हे कळत नाही.

एवढी साधी गोष्ट माणसाला फार उशिरा सुचली. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत कौवेनहोवन नावाचे गृहस्थ संशोधन करीत. ते डॉक्टर नव्हते, विजेचे अभियंता होते. १९५८ च्या सुमारास त्यांचे तरुण सहकारी निकरबॉकर यांच्या लक्षात आले की विजेचा झटका देण्यासाठी कुत्र्याच्या छातीवर उपकरण जोराने दाबले, की नुसत्या त्या दाबानेच रक्तदाब किंचित वर चढतो. शल्यचिकित्सक ज्यूड यांच्यासह त्यांनी यावर काम केले आणि १९६० साली निबंध प्रसिद्ध केला. तोवर थांबलेले हृदय चालू करण्यासाठी छाती उघडून ते हातात धरून दाबावे लागे. आता दोन मोकळे हात पुरेसे झाले. पीटर साफर आणि त्यांच्याआधी जेम्स एलाम यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय कसोटीवर सिद्ध केली होती. डेन्मार्कमध्ये भूलतज्ज्ञ हेनिंग रूबेन आणि अभियंता होल्गर हेस्से यांनी १९५६ साली हाताने दाबून हवा देण्याची पिशवी आणली. आपण सगळे तिला 'अंबू बॅग' म्हणून ओळखतो.

ज्ञान आले, ते शिकवायचे कसे? जिवंत माणसाच्या छातीवर सराव करता येत नाही. नॉर्वेत ऑसमुंड लेर्दाल नावाचे खेळणी बनविणारे कारखानदार होते. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या आणि मोटारी ते बनवीत. त्यांचा लहान मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता. डॉक्टरांनी सुचविल्यावरून त्यांनी माणसाएवढी बाहुली बनविली. तिची छाती दाबली जाते आणि तोंडाने फुंकल्यावर फुगते. १९६० पासून जगभरची माणसे 'ॲन' नावाच्या या बाहुलीवर शिकत आली आहेत. शैक्षणिक साहित्याने एवढा उपकार क्वचितच केला असेल.

याच साफर यांची आणखी एक हकीकत आपल्या संस्थेसारख्या संस्थेने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. १९६६ साली त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. ज्या माणसाने जगाला श्वास द्यायला शिकविले, त्याच्या घरी हा प्रसंग आला. त्यानंतर पिट्सबर्ग शहरात त्यांनी १९६७ साली 'फ्रीडम हाऊस' या रुग्णवाहिका सेवेच्या उभारणीत पुढाकार घेतला. त्यासाठी माणसे निवडली ती हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या गरीब वस्तीतली, बहुतेक कृष्णवर्णीय. 'ही माणसे नोकरीच्या लायकीची नाहीत' असे म्हणून समाजाने ज्यांच्यावर फुली मारली होती, त्यांपैकी कित्येकांनी शाळाही पुरी केलेली नव्हती. साफर यांनी त्यांना कसून शिकविले. अमेरिकेतील आधुनिक रुग्णवाहिका सेवेचा पाया घालणाऱ्यांत या माणसांची गणना होते. १९७५ साली शहराने ती सेवा बंद केली, हा त्या कथेचा दुःखद शेवट. पण शिकायला कोण लायक आणि कोण नालायक, याबद्दलचा प्रश्न मात्र त्यांनी कायमचा निकालात काढला.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकविले. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हेही त्यात होते. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्या कामाचे निष्कर्ष आले आणि जगाने त्यांची दखल घेतली. जन्मणाऱ्या दर दहा बाळांपैकी सुमारे एकाला श्वास सुरू करण्यासाठी काही ना काही मदत लागते. पुष्कळांना कोरडे पुसणे आणि पाठ चोळणे एवढेच पुरते. थोड्यांना पिशवीने हवा द्यावी लागते. पण ते पहिल्या मिनिटात व्हावे लागते. त्या मिनिटाला प्रसूतिगृहात 'सोनेरी मिनिट' म्हणतात. भारत सरकारने २००९ साली 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम' सुरू केला, तो हेच कौशल्य प्रसूतिगृहातल्या डॉक्टर-परिचारिकांना देण्यासाठी. मोठ्या माणसांसाठीही २०१७ साली भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने आपल्या देशाच्या परिस्थितीला धरून मार्गदर्शक सूचना निघाल्या. सामान्य माणसाने केवळ छाती दाबण्यावर भर द्यावा, आणि रुग्णालयातल्या लोकांसाठी अधिक तपशिलाचे टप्पे असावेत, अशी त्यांची मांडणी आहे.

म्हणजे ज्ञान आहे, सूचना आहेत, बाहुली आहे. उणीव आहे ती उजळणीची.

वडिलांच्या पश्चात दोन वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो एका दुसऱ्या रुग्णालयात परिचारक आहे. त्याने सांगितले, "सर, आमच्याकडे भूलतज्ज्ञ मॅडम सर्वांना सीपीआर शिकवणार आहेत. मामा-मावशींनाही. सूचना मराठीत लिहून द्याल का?" मी लिहून दिल्या आणि बघायलाही गेलो. त्या दिवशी जे पाहिले, ते बी. एड.च्या वर्गात शिकलेल्या कित्येक गोष्टींपेक्षा अधिक शिकवून गेले.

मॅडमनी पहिल्यांदा एक शब्दही न बोलता बाहुलीवर सगळे करून दाखविले. दुसऱ्यांदा तेच करताना प्रत्येक पायरी समजावून सांगितली. तिसऱ्यांदा शिकणाऱ्यांना बोलायला लावले आणि ते सांगतील तसे स्वतः केले. चौथ्यांदा हात शिकणाऱ्यांचे. आम्ही शिक्षक हर्बार्टची पंचपदी पाठ करून परीक्षा देतो आणि पाठ टाचणात पाचवी पायरी, उपयोजन, शेवटच्या दोन ओळींत उरकतो. इथे सगळा पाठ उपयोजनासाठीच होता.

अडचणी काय आल्या, त्याही ऐका.

पहिली अडचण भीतीची. एका मावशींनी विचारले, "फासळी मोडली तर?" मॅडम म्हणाल्या, "मोडू शकते. मोडलेली फासळी जुळते. थांबलेलं हृदय आपण वाट बघत बसलो तर सुरू होत नाही."

दुसरी अडचण हुद्द्याची. एक मामा म्हणाले, "मोठे लोक असताना आम्ही कसा हात लावायचा? उद्या काही झालं तर आमच्यावर येईल." हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. रात्री रुग्णाच्या सर्वांत जवळ कोण असते? पाणी देणाऱ्या मावशी, खाट ढकलणारे मामा, क्ष-किरण विभागातला मदतनीस, केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून, फाटकावरचा पहारेकरी. डॉक्टर येईपर्यंतचा वेळ यांच्याच हातात असतो. तेव्हा 'तुम्ही सुरुवात करा, आम्ही पाठीशी आहोत' असे रुग्णालयाच्या प्रमुखांनी सर्वांसमक्ष आणि लेखी सांगितले पाहिजे. त्या रुग्णालयात तसे सांगितले गेले. कागद भिंतीवर लागल्यावर मामांचा हात मोकळा झाला.

तिसरी अडचण संकोचाची. रुग्ण स्त्री असेल तर पुरुष कर्मचारी कचरतो, आणि रुग्ण पुरुष असेल तर मुलगी कचरते. आपल्या घरांतून हा संकोच अधिक असतो, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सभ्यता ही चांगलीच गोष्ट आहे. पडदा ओढून घ्यावा, गर्दी बाहेर काढावी, चादर नीट करावी. पण हे सगळे एकाने करावे आणि दुसऱ्याने तोवर दाबायला सुरुवात केलेली असावी. आपली आई, आपली बहीण तिथे असती तर आपण काय मागितले असते, एवढा विचार पुरे.

चौथी अडचण गमतीची, आणि तीत मला थोडी भर घालता आली. दाब मोजताना सगळे मोठ्याने आकडे म्हणत. वीसपर्यंत ठीक चाले. 'एकवीस, बावीस, तेवीस' सुरू झाले की वेग कमी होई, आणि 'एकोणतीस'ला तर हात अडखळत असे. मराठीतले हे आकडे जिभेला लांब पडतात. मी सुचविले, एक ते दहा असे तीनदा म्हणा. ताल सुधारला. पाढे शिकविणाऱ्याला कुठेतरी पाढ्यांचा उपयोग झाला, याचा मला आनंद वाटला.

पाचवी अडचण खाटेची. बाहुली जमिनीवर होती तोवर सगळ्यांचे बरे जमले. ती खाटेवर ठेवल्याबरोबर बिघडले. गादी खाली दबते, छाती दबत नाही. म्हणून पाठीखाली सरकविण्याची फळी प्रत्येक वॉर्डात ठरल्या जागी हवी. बुटक्या सिस्टरला पायाखाली स्टूल हवे, नाहीतर कोपर वाकतात आणि जोर लागत नाही. खाटेच्या चाकांचे ब्रेक लावलेले हवेत. हे कोणत्या जाड पुस्तकात ठळक अक्षरात असेल तर असो; तिथे ते हाताने शिकले गेले.

मग कामाची वाटणी. एकाने दाबायचे, एकाने पिशवीने श्वास द्यायचा, एकाने इतरांना हाक मारून आणीबाणीची ट्रॉली आणायची, एकाने घड्याळ बघून लिहीत राहायचे. आणि सूचना देणारा एकच. ट्रॉलीची तपासणी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला: पिशवी फाटलेली नाही ना, दुर्बिणीतले सेल चालतात ना, कफ ओढण्याचे यंत्र सुरू होते ना, औषधांची मुदत संपलेली नाही ना, आणि ऑक्सिजनची चावी सिलिंडरला साखळीने बांधलेली आहे ना. ही शेवटची ओळ यादीत माझ्या आग्रहावरून आली. कारण मी कोणाला सांगितले नाही.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. वॉर्डातल्या रुग्णाचे हृदय बहुतेक वेळा पूर्वसूचनेशिवाय थांबत नाही. १९९० साली अमेरिकेतील एका रुग्णालयाने अशा ६४ रुग्णांचे कागद तपासले. त्यांपैकी ८४ टक्के रुग्णांची प्रकृती आधीच्या आठ तासांत बिघडत गेल्याच्या किंवा त्यांनी नवी तक्रार केल्याच्या नोंदी सापडल्या. श्वास जलद होणे, नाडी वाढणे, माणूस गोंधळणे, 'बरं वाटत नाही' म्हणून पुन्हा पुन्हा सांगणे. म्हणून चांगले प्रशिक्षण छाती दाबण्यापाशी सुरू होत नाही. ते श्वास मोजण्यापाशी सुरू होते. श्वास खरोखर एक मिनिट मोजला की तक्त्यावर सगळीकडे 'वीस, वीस' असे लिहून टाकले, यात फरक आहे. आम्ही शिक्षक हजेरी घेतो तेव्हा 'सगळे हजर' म्हणून पट भरत नाही. मुलाकडे बघून भरतो. निदान तसा भरावा.

तीन महिन्यांनी मी पुन्हा गेलो. मॅडमनी आगाऊ न सांगता बाहुली वॉर्डात आणून ठेवली आणि म्हणाल्या, "करा सुरू." निम्म्याहून अधिक जणांचे हात पुन्हा उथळ पडत होते. काहींना क्रम आठवेना. मला धक्का बसला. त्यांना बसला नाही. त्या म्हणाल्या, "सर, हे असंच असतं. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागतं. म्हणूनच दोन वर्षांतून एकदा दिवसभर शिकविण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी दहा मिनिटे बरी."

आणि तिथे मी एक दृश्य पाहिले. सर्वांत चांगले दाब पडले ते एका मावशींचे. त्यांना सही करण्यापुरतेच लिहिता येते. त्यांना विचारले, "तुमचं कसं लक्षात राहिलं?" त्या म्हणाल्या, "रोज लादी पुसताना मनात म्हणते. एक ते दहा, एक ते दहा, एक ते दहा."

बंधुभगिनींनो, उजळणी याहून वेगळी काय असते?

एक सावधगिरी सांगतो, नाहीतर हे भाषण एकांगी होईल. प्रत्येक मरण थांबवायचे असते, असा याचा अर्थ नाही. दीर्घ आजाराच्या शेवटी, जिथे शरीरच थकून गेले आहे, तिथे छाती दाबत राहणे ही दया ठरत नाही. तो निर्णय डॉक्टरांनी नातेवाइकांशी आधीच शांतपणे बोलून घ्यावयाचा असतो. आणि प्रयत्न अपुरे पडले, तर ते घरच्यांना कसे सांगावे, हाही प्रशिक्षणाचा भाग आहे. त्या रात्री अब्बांच्या बाबतीत आम्हाला कोणी काहीच सांगितले नाही; आम्ही डॉक्टरांचे हात थांबलेले पाहिले आणि समजलो.

आता संस्थेपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

एक, सरावाची एक बाहुली संस्थेने घ्यावी. ती कपाटात कुलूपबंद राहू नये. गावातल्या आणि आसपासच्या छोट्या रुग्णालयांना, प्रसूतिगृहांना ती पाळीपाळीने द्यावी. मोठी रुग्णालये आपली व्यवस्था आपण करतात. दहा खाटांच्या दवाखान्याला ते परवडत नाही, आणि आपले बहुतेक लोक तिथेच जातात.

दोन, सूचनांचे तक्ते मराठीत आणि उर्दूत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह आपल्या चित्रकला शिक्षकांकडून करून घ्यावेत. मजकूर वैद्यकीय दृष्टीने डॉक्टर तपासतील. जी मावशी वाचू शकत नाही, तिला चित्र पुरेल.

तीन, आपल्या शाळांतून नर्सिंगला, प्रयोगशाळेच्या कामाला, रुग्णवाहिकेवर जाणारी मुले-मुली दरवर्षी बाहेर पडतात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तीतही आपली मुले आहेत. त्यांना आपण निरोप समारंभात पेन आणि पुष्पगुच्छ देतो. त्याबरोबर हातांचे हे एक कौशल्य द्यावे, आणि ती सुटीत गावी आली की एक दिवस बोलावून उजळणी घ्यावी.

आणि वाचकहो, आपल्याकडे माझे एकच मागणे. पुढच्या वेळी आपण कोणाला भेटायला एखाद्या रुग्णालयात जाल, तेव्हा तिथल्या सिस्टरला नम्रपणे, भांडणाच्या सुरात नव्हे, एक प्रश्न विचारा: "ताई, तुमचा शेवटचा सराव कधी झाला?" तिने तारीख सांगितली तर तिचे अभिनंदन करा. सांगता आली नाही, तर तिला बोल न लावता तो प्रश्न घेऊन व्यवस्थापकांच्या खोलीत जा.

मी त्या पहिल्या रुग्णालयाचे नाव का घेतले नाही, ते आता आपल्या लक्षात आले असेल. नाव घेतले असते तर आपण सर्वांनी म्हटले असते, 'ते रुग्णालय तसेच.' आणि आपापल्या गावच्या रुग्णालयाबद्दल आपण निश्चिंत झालो असतो.

ती सिस्टर आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. पण तिचे वाक्य मी दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गात पहिला धडा सुरू करताना मनातल्या मनात म्हणतो: 'शिकवलं होतं, एकदा.' आणि फळ्यावर धड्याच्या नावाआधी तारीख लिहितो, त्याखाली उजळणीची तारीखही लिहितो.